मापात पाप

निघण्याआधी खिसे रिकामे करा. नाणी, नोटा, कार्ड यांतलं काहीच चालणार नाही. जिथे जातोय तिथे नाणं अजून जन्माला यायचंय. चष्मा असेल तर तोही इथेच ठेवा. जवळचं अंधुक दिसलं तरी बिघडत नाही, आजचं तुमचं बरंचसं काम बोटांनी व्हायचंय. अंगात लोकरीचा सैल झगा, कमरेला पट्टा, पायात चामड्याच्या वहाणा, खांद्यावर जाड पांघरूण. हे पांघरूण जिवापाड सांभाळा. दिवसा तो तुमचा कोट, रात्री बिछाना, आणि हात अगदीच तंगीत आला तर गहाण टाकायला तुमच्याजवळ दुसरं काही नाही.

मागे, सुमारे २७०० वर्षं. यरुशलेम. हिज्कीया राजाच्या काळातला, गव्हाच्या सुगीतला एक दिवस. अश्शूरची फौज कुठवर आली, राजाने कुणाशी तह केला, हे आज कुणाला विचारत बसू नका. तुम्हाला आज फक्त पोट भरायचंय.

जाग येते ती घरघरीने. तुम्ही मातीने लिंपलेल्या सपाट धाब्यावर झोपला आहात, आकाशात अजून चांदण्या आहेत, आणि खालून, शेजारून, पलीकडच्या गल्लीतून दगडावर दगड घासल्याचा आवाज येतोय. शहरातल्या बायका दळायला बसल्या आहेत. गोल फिरणारं जातं नाही हे; पाटा-वरवंट्यासारखं मागे-पुढे रेटायचं दळण. गुडघे टेकायचे, कंबर मोडेस्तोवर रेटायचं. थोड्या वेळाने धूर येतो. हा वास तुम्हाला ओळखीचा आहे: गोवऱ्या पेटल्या आहेत.

घरची म्हातारी चुलाण्याच्या मातीच्या भिंतीवरून भाकर खरवडून काढते आणि तुमच्या हातावर ठेवते. चटका बसतो. सातूची आहे, जराशी आंबूस, कडेने करपलेली. सोबत चार ऑलिव्ह आणि चिमूटभर रानवनस्पतीचा चुरा. भूक लागलेली आहे, तुम्ही मोठा घास घेता, आणि कच्च! दाढेखाली खडा. घास थांबतो. जिभेने खडा शोधून तुम्ही गुपचूप काढायला बघता, पण म्हातारीच्या नजरेतून ते सुटत नाही.

“थुंक रे लेकरा, थुंक,” ती हसते. तिचे दात दिसतात. झिजून हिरडीला टेकले आहेत. दगडावर दगड रोज झिजतो आणि तो झिजलेला दगड रोज पिठात येतो. इथे सगळ्यांचंच आयुष्य थोडं थोडं दगड चावण्यात जातं. ही कचकच दिवसभर तोंडात राहू द्या. दुपारी लागेल.

आता चला खाली. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून ओझ्याचं गाढव आलं तर तुम्हालाच भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. पायाखाली चुनखडीचा दगड, वरून पाणी सांडून निसरडा झालेला. गीहोनच्या झऱ्यावरून घागरी भरून आलेल्या बायका चढ चढताहेत, श्वास फुललेले, तोंडं मात्र चालूच. कुणाचं तरी घर पाडलं म्हणे, नव्या तटासाठी. तो तट तुम्हाला पश्चिमेच्या टेकडीवर दिसतो: तब्बल सात मीटर रुंद, अर्धवट घरांना कापत गेलेला. त्याच्या आतबाहेर उत्तरेकडून आलेल्या लोकांची दाटी आहे. उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन पडली तेव्हा जीव वाचवून पळालेली माणसं. बोली जरा वेगळी, चेहऱ्यावर उपऱ्याचा संकोच, आणि मजुरीचा दर त्यांच्यामुळेच पडलाय अशी कुरकूर करणारे जुने रहिवासी. हे सगळं तुम्हाला कुठे तरी ऐकल्यासारखं वाटेल. ऐकलेलंच आहे.

उत्तरेला मासळी वेस. ती दिसायच्या आधी नाकाला कळते. समुद्रावरून खारवून आणलेला मासा, घामेजलेली गाढवं, मेंढ्यांची लोकर, कातडी, सांडलेला द्राक्षारस आणि या सगळ्यावर सकाळपासून तापत चाललेलं ऊन. पार नाईलच्या पाण्यातला मासासुद्धा या शहरात पोचतो; त्याची हाडं आजही इथल्या उत्खननात निघतात. वेशीच्या सावलीत दगडी ओट्यांवर शहरातले वडीलधारे बसलेत. न्यायनिवाडा, खरेदी-विक्री, लग्नाची बोलणी, शिळोप्याच्या गप्पा, सारं तिथेच. आणि वेशीपासून चार पावलांवर तुमच्या मालकाचा धान्याचा फड. होय, तुम्ही इथे पाहुणे नाही. रोजंदारीवर आहात. उचला पोतं.

तासाभरात पाठ बोलायला लागते. भुसा घामाला चिकटतो, मानेला खाज सुटते, नाकपुड्या बंद होतात. पण मालकाला तुमच्या पाठीपेक्षा तुमच्या बोटांची गरज आहे, कारण त्याचा जुना तोलणारा आजारी पडलाय. तो तुम्हाला तराजूपाशी बसवतो.

आता नीट बघा, कारण पुढचं सगळं इथेच घडायचं आहे. तराजूची दांडी, तिला दोन्हीकडे टांगलेली काशाची लहानशी पारडी. गिऱ्हाईक देतं ती चांदी, पण कशी? मोडकी बांगडी, तारेचा तुकडा, छिन्नीने तोडलेली कांब, अर्धं कानातलं. फडक्यात गाठ मारून आणलेली ही मोडतोड एका पारड्यात पडते, आणि दुसऱ्यात वजनं. वजनं म्हणजे चुनखडीच्या गोट्या, तळाशी सपाट, वर घुमटासारख्या, बोटांना गुळगुळीत. माथ्यावर खूण आणि मिसरी धाटणीचा आकडा कोरलेला. एक शेकेल म्हणजे अकरा ग्रॅमहून थोडं जास्त. त्याच्या निम्मा बेका. आणि अगदी धाकटे ते गेरे: एक गेरा अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. दोन गेऱ्यांची गोटी जेमतेम हरभऱ्याएवढी, वर दोन रेघा. हातात घाम असेल तर बोटाला चिकटून येते.

मालकाच्या कमरेला पिशव्या मात्र दोन.

“ही देण्याची,” तो उजवी थोपटतो. “आपण कुणाला चांदी द्यायची तेव्हा. यातलं वजन चोख. राजवाड्यातून कुणी तपासायला आलं तरी चोख.” मग डावी. “ही घेण्याची.” आणखी काही बोलत नाही. तुम्ही दोन्हींतली दोन गेऱ्यांची गोटी काढून तळहातावर ठेवता. दोन्हींवर दोन रेघा, अगदी सारख्या. डावीकडची मात्र अंगाने भरलेली, तळव्यावर तिचा भार जाणवतो. खेड्यातून वर्षाकाठी एकदा येणाऱ्या माणसाला हा फरक कसा कळावा?

ही मी रचलेली कथा आहे असं वाटत असेल तर थांबा. याच शहराच्या उत्खननात अशी एक गोटी खरोखर सापडली आहे. खूण दोन गेऱ्यांची, म्हणजे वजन एक ग्रॅमच्या आत हवं. भरलं तिपटीहून जास्त. कुणाच्या तरी कमरेला ती लटकत होती, आणि अर्थातच त्याचं नाव आपल्याला कळणार नाही. चोरांनी नावं कोरून ठेवायची पद्धत नव्हती.

वजनं हा तर वरचा मजला झाला. खरी कमाई मापात. धान्य तोलत नाहीत, एफाने मोजतात. एफा म्हणजे साधारण वीस लिटरच्या आसपासचं माप. मालकाकडे एफेही दोन. शेतकऱ्याकडून घ्यायचा तो पोटाने मोठा, आणि भरताना तीनदा जमिनीवर आपटायचा म्हणजे दाणा बसतो आणि आणखी दाणा मावतो. वर शीग वेगळीच. गिऱ्हाइकाला द्यायचा तो धाकटा. त्यात धान्य उंचावरून अलगद सोडायचं म्हणजे फुगून बसतं, शीग हाताने सपाट करायची आणि त्या निमित्ताने अंगठा आत ठेवायचा. तळाशी खळ्यावरची झाडलोट. तुम्ही शिकता. खरं सांगायचं तर फार पटकन शिकता.

पहिला शेतकरी बेथलेहेमकडून आलाय. पहाटेपासून चालतोय, ओठांना भेगा, गाढवाच्या पाठीला जखम. तो पोतं सोडतो, मालक तुमच्याकडे बघून एक भुवई उचलतो, बस्स, एवढंच. आणि तुमचे हात मोठा एफा ओढतात. आपटला एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आपटताना तुमची मान तापते, कानात ठोके पडतात, आता हा बोलणार, आता लोक जमणार. शेतकरी मात्र दाण्यांकडे बघतच नाहीये. तो बघतोय पाण्याच्या मडक्याकडे. चांदी घेतो, फडक्यात बांधतो, तुम्हाला देव बरं करो म्हणतो आणि निघून जातो.

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. मालक खुशीत येऊन सुक्या अंजिरांच्या वडीतून एक मोठा तुकडा मोडतो आणि तुमच्या तोंडापुढे धरतो. तुम्ही खाता. गोड आहे. घाम, भुसा, उपाशी पोट आणि त्यावर ते चिकट, मधाळ अंजीर. दिवसभरात इतकं चांगलं काही तोंडात गेलेलं नाही.

ही चव लक्षात ठेवा. बायबलमधल्या ज्या पुस्तकाला मराठीत नीतिसूत्रे म्हणतात, त्याच्या शहाण्यांनी ही चव नाकारलेली नाही, आणि मला ते पुस्तक भावतं ते यासाठी. लबाडीचा पैसा कडू लागतो असं खोटं ते सांगत नाहीत. कडू असता तर कुणी खाल्ला असता?

त्यांच्यापैकी एक आत्ता तुमच्यासमोर उभा आहे. राजाच्या पदरी लेखक म्हणून असलेला, बोटांना शाई, पाठीला बाक. हिज्कीयाच्या माणसांनी जुनी सुभाषितं उतरवून काढली असं ते पुस्तकच नोंदवतं. समजा, हा त्यांतलाच. घरी सातू संपलेत म्हणून आलाय. तुमच्या तोंडातलं अंजीर बघतो, मापाच्या तळाशी पडलेली झाडलोट बघतो, आणि कुणाला न उद्देशून, मुलाला शुद्धलेखन घालावं तशा सुरात बोलतो: फसवून मिळवलेल्या भाकरीचं असं असतं, की ती आधी गोड लागते आणि मग तोंडभर खडे होतात.

आणि तुमची जीभ आपोआप दाढेकडे जाते. सकाळचा खडा! म्हातारीचे झिजलेले दात! पुस्तकात वाचलं असतं तर तुम्ही छान उपमा म्हणून पान उलटलं असतं. इथे वेशीतल्या प्रत्येकाच्या तोंडात तो खडा सकाळीच येऊन गेलाय. म्हणून आजूबाजूचे दोघेतिघे हसतात, आणि एक जण गाल चोळतो.

लेखक सातू घेऊन जातो. मोजताना तुम्ही अंगठा बाहेर ठेवलात का? ठेवलात. पण तो बघत होता म्हणून. हे मोजण्यात धरू नका.

दुपारची गर्दी वाढते. एक गिऱ्हाईक गव्हात हात घालतं, तोंड वाकडं करतं. वाईट माल. ओला आहे. किडका आहे. मागच्या वर्षीचा आहे. मालक शपथा घेतो, गिऱ्हाईक पाठ फिरवतं, परत येतं, भाव पाडून पोतं घेतं. आणि कोपऱ्यावर वळल्यावर मित्राला सांगताना तुम्ही त्याला ऐकता, काय सोन्यासारखा गहू काय भावात मारला! हा माणूसही नीतिसूत्रांत आहे, अगदी असाच, कोपऱ्यावरच्या फुशारकीसकट. लबाडी फक्त तराजूच्या एका बाजूला बसत नाही, हे त्या शहाण्यांनी बाजारात उभं राहूनच पाहिलं असणार.

ऊन डोक्यावर आलं की थोडी उसंत. पोत्याच्या सावलीत तुमच्याशेजारी हमाल बसतो, उत्तरेकडचा, शोमरोनहून आलेला. पाण्याची पखाल तुमच्याकडे सरकवतो. चामड्याचा वास मारतं पाणी, पण गार आहे. तो गावाकडची गोष्ट सांगतो, गेहजीची. अलीशा संदेष्ट्याचा हा चाकर. अरामचा सेनापती नामान कोड बरं व्हावं म्हणून आला, यार्देनेत सात बुड्या मारून बरा झाला, आणि गाड्या भरून आणलेली चांदी देऊ लागला. अलीशाने घेतली नाही. एवढी चांदी परत चालली! गेहजीच्याने बघवेना. तो रथामागे धावला.

“धावला म्हणजे बघ,” हमाल हाताने दाखवतो, “झगा खोचून, धूळ खात. आणि काय सांगितलं? डोंगराकडून दोन गरीब तरुण आलेत, त्यांच्यासाठी एक किक्कार चांदी अन् दोन पोशाख पाठव म्हणे. स्वतःसाठी कोण मागतंय!”

नामानाने एकाऐवजी दोन किक्कार दिली. हमालाचा यातला आवडता भाग वेगळाच आहे: वजन. दोन किक्कार म्हणजे सहा हजार शेकेल, जवळपास ६८ किलो. “दोन गडी लागले वाहायला. टेकडीपाशी आल्यावर गेहजीने त्यांना परत धाडलं आणि घरात ते ओझं स्वतः सरकवलं. मी हमाल आहे, मला माहीत आहे एवढं ओझं एकट्याने लपवताना कमरेचं काय होतं.” मग गेहजी हात झटकून मालकापुढे उभा राहिला. कुठे गेला होतास? कुठे नाही. त्या दोन शब्दांत नामानाचं कोड त्याच्या अंगावर आलं, असं कथा सांगते. हमाल मात्र कोडावर रेंगाळत नाही. तो म्हणतो, “कुठे नाही, असं म्हणताना धाप लागलेली असणार रे त्याला.”

पलीकडच्या गल्लीत चार पोरं द्राक्षारसाच्या रांजणापाशी उभी आहेत. तुम्हाला खुणावतात. बेथेलच्या वाटेवर उद्या एक काफिला येतोय, रात्री झुडपात दबा धरायचा, जे मिळेल ते एका पिशवीत टाकायचं, सगळ्यांची पिशवी एकच. तुम्ही मान हलवता आणि पुढे होता. अवघड गेलं का? नाही. नीतिसूत्रांचं पुस्तक याच पोरांपासून सुरू होतं, बाप मुलाला आधी त्यांच्याविषयीच बजावतो. पण मला विचाराल तर दरोड्याला नाही म्हणणं सोपं. तिथे रक्त दिसतं. भुवईला नाही म्हणणं कठीण, कारण भुवईने काहीच मागितलेलं नसतं.

वेशीत एकदम कोलाहल. एक खेडूत उभा राहून बोलतोय, आवाज मैदानात मेंढ्या हाकणाऱ्याचा. मोरेशेथचा मीखा, कुणी तरी सांगतं. लेखकाच्या बोलण्यात मिस्कील शहाणपण होतं, याच्या बोलण्यात संताप आहे. तो लबाडांच्या घरातल्या ठेव्यांविषयी बोलतो, कोत्या मापाविषयी बोलतो, खोट्या तराजूवर येतो आणि मग थेट खोट्या वजनांच्या पिशवीचं नाव घेतो. तुमच्या मालकाचा हात नकळत डाव्या कमरेला जातो. आसपासच्या पाच-सहा व्यापाऱ्यांचाही जातो, तेव्हा हसू आवरा.

याच्या थोडं आधी तकोवाचा आमोस, मेंढपाळ आणि उंबराच्या फळांना चिरा देणारा, उत्तरेत जाऊन असंच बोलला होता. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, कधी संपतो आणि आपण धान्य कधी उघडतो अशी घाई झालेल्या, एफा लहान आणि शेकेल मोठा करणाऱ्या व्यापाऱ्यांची त्याने चिरफाड केली. त्या शब्बाथाचा धागा आपल्या कोकणापर्यंत येतो बरं का. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून अलिबागकडे ज्यांना शनवार तेली म्हणत, ते बेने इस्राएल याच परंपरेतले. तेल्याच्या धंद्यातही माप असतंच.

या खेडूतांचं ऐकलं की लेखकाचं शहाणपण कधीकधी पोट भरलेल्या माणसाचं वाटतं, हे कबूल करायला हवं. पण त्याच नीतिसूत्रांत भुकेपोटी चोरणाऱ्याला लोक तुच्छ मानत नाहीत अशी नोंद आहे, सापडला तर भरपाई चुकत नाही हेही आहे. आणि शेवटाकडे एकाची प्रार्थना आहे की मला गरिबी नको, श्रीमंतीही नको, पुरेल एवढीच भाकर दे. गरिबीत हात चोरीला जाईल याची त्याला भीती आहे. स्वतःच्या हाताची इतकी नेमकी ओळख असलेला माणूस उपदेश करायला लागला तर मी ऐकतो.

उन्हं कलतात. पूर्वेचा गरम वारा सुटलाय, भुसा गोल गोल फिरतोय, डोळे चुरचुरतात. मालक अंजिराची एक अख्खी वडी बगलेत मारून वेशीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेलाय. जाताना दोन्ही पिशव्या तुमच्या मांडीवर टाकून गेला. सकाळच्या त्या तीन आपटण्यांनी तुम्ही त्याचा विश्वास कमावला आहे.

आणि एक बाई येते. खेड्यातली, कडेला मूल, मुलाच्या नाकाला शेंबूड आणि माशी. तिला दोन गेऱ्यांचे सातू हवेत. फडक्याची गाठ दातांनी सोडते, आत चांदीचं एक कानातलं. एकच. दुसऱ्याचं काय झालं ते तिला विचारू नका.

तुमचा हात डाव्या पिशवीत जातो. घ्यायची आहे ना चांदी, मग डावी. हात स्वतःच गेलाय, तुम्ही पाठवला नाहीत. बोटांना ती गोटी सापडते, भरलेली, थंड. ती पारड्यात टाकली तर जवळपास अख्खं कानातलं लागेल. उजवीतली टाकली तर छिन्नीने एक तुकडा तोडायचा आणि उरलेलं तिचं तिला परत. बाई पारड्याकडे बघत नाहीये. ती मुलाची माशी हाकलतेय. मालक नाही, लेखक नाही, मीखाचा आवाजही थांबलाय. गाढव ओरडतं. तुमच्या गालावरून घामाचा थेंब उतरून दांडीवर पडतो. दाढेत अजून काहीतरी आहे, अंजिराचं बी की सकाळचा खडा, जिभेला ठरवता येत नाही.

गोटी तुम्ही डाव्या मुठीत दाबून धरता आणि उजव्या हाताने दुसरी पिशवी उघडता. धाकटी गोटी. पारडं खाली येतं, डोलतं, स्थिरावतं. छिन्नी, एक घाव, टिंग! चांदीचा तुकडा उडून भुशात पडतो आणि तुम्ही दोघंही गुडघ्यावर बसून तो शोधता. मग धाकटाच एफा, दुसरा कुठे उघडा ठेवलाय. पण भरताना अंगठा बाहेर आणि वर शीग. बाई उरलेलं कानातलं फडक्यात बांधते. कमी चांदी गेली हे तिच्या लक्षात आलंय. ती तुमच्याकडे संशयाने बघते, किडकं धान्य तर दिलं नाही ना अशा नजरेने, चार दाणे चावून पाहते आणि घाईने निघून जाते. आभाराची अपेक्षा केली होतीत? तिच्या अनुभवात असं कधी झालेलंच नाही.

सूर्य मावळायच्या आत मजुरी द्यायची, हा इथला नेम आहे, आणि मालक तो पाळतो. आधी दिवसाची चांदी तोलतो. पुन्हा तोलतो. मग तुमच्याकडे बघतो, रागाने नाही, काहीशा दुःखानेच.

“बोटं हळवी आहेत तुझी,” तो म्हणतो. “या धंद्यात नाही चालत. उद्यापासून पोती उचल.”

आणि तुमची मजुरी सातूंत मोजतो. धाकट्या एफाला अंगठा आत ठेवून, तळाला झाडलोट घालून, शीग सपाट करून. तुमच्याच डोळ्यांदेखत! तुम्हीच शिकलेल्या सगळ्या युक्त्या एकामागून एक तुमच्यावर होताना बघणं ही काय चीज असते ते इथे येऊनच कळतं. कान तापतात. सकाळच्या त्या शेतकऱ्याच्या भेगाळलेल्या ओठांची आठवण येते की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

सातू पांघरुणात बांधून तुम्ही बाहेर पडता. वीस पावलांवर लक्षात येतं की डावी मूठ अजून मिटलेली आहे. उघडता. दोन रेघांची ती भरलेली गोटी, घामाने चकचकीत.

पाय वेशीकडे वळतात. ओट्यावर वडीलधारे अजून बसलेत. तुमच्यापुढे दोन भाऊ शेताचा बांध कुणी सरकवला यावर हमरीतुमरीवर आलेत. त्यांचा निकाल लागेपर्यंत तुम्ही या पायावरून त्या पायावर होता. ओट्यावरच्या एकाच्या मांडीवर अंजिराची वडी आहे, अर्धी खाल्लेली. दुसरा म्हातारा बारीक डोळ्यांचा, पुढ्यात काही नाही. तुम्ही त्याच्यासमोर मूठ उघडता.

तो गोटी उचलतो, तळव्यावर हलवतो, रेघांवर नख फिरवतो. त्याला तराजू लागतच नाही, चेहऱ्यावरून कळतं.

“कुणाच्या पिशवीतली?”

तुम्ही नाव सांगता.

“आणि तुझ्या मुठीत कशी आली?”

हे मात्र तुमच्या ध्यानात आलं नव्हतं. तुम्ही तोंड उघडता आणि मिटता. मागून धापा टाकत मालक येतो, गर्दी फोडत, एकाच्या पायावर पाय देत. “चोर! माझी पिशवी फोडली! घरात घेतला, तराजूपाशी बसवला, आणि चोर!” लोक वळतात, पोरं ओट्यावर चढतात, अंजीरवाला चावणं थांबवतो. दोन भाऊ आपला बांध विसरून तुमच्याकडे बघायला लागतात.

“चोर कोण ते ठरवू,” म्हातारा म्हणतो. “आधी तराजू आणा.” मालक लगबगीने आपल्या फडाकडे वळतो. “तुझा नको,” म्हातारा ओरडतो. “दुसऱ्या कुणाचा आणा!”

आणि वेशीतले सगळे व्यापारी एकाएकी आपापली दुकानं बंद करायला लागतात.